भिजत घातलेली तिकिटं

माझ्या हाताला कला नाही, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी लपवून ठेवलेली नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला की बायको मला काहीतरी आणायला दुकानात पाठवते आणि मी परत येईपर्यंत खिळा ठोकून, वर तसबीर लावून मोकळी होते. मी रागवत नाही. मी विमा कंपनीत कारकून आहे, दावे विभागात. लोकांनी स्वतःच्या हातानं आपल्या घराचं काय काय करून घेतलं ते दिवसभर वाचायचं, हे माझं काम. त्यामुळे मी हात खिशात ठेवतो आणि घर शाबूत राहतं, यातच मला समाधान असतं.

तरीही त्या रविवारी माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच.

त्याचं असं झालं. माझी बायको, तिची थोरली बहीण आणि बायकोच्या शाळेतल्या पीटीच्या बाई अशा तिघी जणी नदीतून बोटीनं सहलीला निघाल्या होत्या. नवऱ्यांना सोडून. (‘नवऱ्यांना सोडून’ हे शब्द माझे. बायकोचा शब्द होता ‘निवांत’.) तर या सहलीसाठी थोरलीच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या साडूनं, स्वतःच्या हातानं घडीची खुर्ची बनवली. बोटीच्या डेकवर बसायला. ती दाखवायलाच दोघं आमच्याकडे आली होती. खुर्ची उघडत होती, मिटत होती आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे, तिच्यावर कुणी बसलं तरी मोडत नव्हती. मी स्वतः बसून पाहिलं. जरा जोर लावूनच बसलो.

“मग भावोजी, तुम्ही काय देणार?” मेहुणीनं विचारलं.

“मी पण हातानंच काहीतरी बनवणार आहे,” मी म्हणालो.

साडूनं खुर्ची मिटली. बायकोनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“अहो, नको,” ती म्हणाली.

इतक्या मायेनं म्हणाली की कुणीही शहाणा माणूस तिथंच थांबला असता.

आता काय बनवायचं हे माझं मलाच माहीत नव्हतं. ते मोबाइलनं सांगितलं. एका व्हिडिओत एक मुलगी जुन्या पत्रांची तिकिटं, नकाशाचे तुकडे, फुलाफुलांचे कागद असं सगळं चिकटवून प्रवासात लिहायची वही बनवत होती. पानांना खिसे, खिशांत चिठ्ठ्या, वर रेशमी फीत. ती बोलत नव्हती, नुसती हसत होती आणि तिच्या हाताखाली वही आपोआप तयार होत होती. शेवटी एकच वाक्य म्हणाली, “हे कुणीही करू शकतं.” मला वाटलं, चला, ‘कुणीही’मध्ये आपण नक्की बसतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली. कारण लिहिलं, ‘घरगुती’. आमच्या विभागप्रमुख बाईंनी काळजीनं विचारलं, “घरी सगळं ठीक ना?” मी म्हणालो, “आज तरी ठीक आहे.”

बायको शाळेत गेली की घरात मी आणि माझे सासरे. सासरे आमच्याकडेच राहतात. माणूस सज्जन, करारी, आणि कानाला मशीन. ते मशीन त्यांच्या मर्जीनं चालतं. स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा उघडला तर त्यांना बाहेरच्या खोलीत ऐकू येतं, पण “बाबा, टीव्ही जरा बारीक करता का?” हे समोर उभं राहून ओरडलं तरी पोचत नाही.

पहिलं काम पानं जुनी दिसायला लावणं. त्या मुलीनं कोरे कागद चहात बुडवले होते. मी मोठ्या परातीत बिनदुधाचा चहा ओतला, कागद बुडवले, गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगले आणि उरलेला चहा पातेल्यात ओतून ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं सासरे कप घेऊन बाहेर आले.

“जावईबापू, आज चहा तुम्ही केलात वाटतं?”

“का हो, बाबा?”

“नाही, चांगला आहे. दूध विसरलात तेवढं. आणि तळाशी जरा कागद लागतोय.”

तोवर त्यांनी कप संपवला होता. (दिवसभर त्यांना काही झालं नाही, उलट जरा तरतरी आल्यासारखी दिसली.)

मग सजावटीचे कागद. आमच्या घरी कुणीही भेट आणली की बायको वरचा कागद नखानं अलगद सोडवते आणि गादीखाली ठेवते. गेली कित्येक वर्षं आम्ही एका रंगीबेरंगी साठ्यावर झोपतो आहोत. त्यातले सोनेरी वेलबुट्टीचे निवडून काढले. ते पुरेनात, म्हणून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेले निळ्या फुलांचे कागद काढले. तेही पुरेनात, तेव्हा एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा कापला. कात्री चालवताना मला इतकं बरं वाटत होतं की दोनदा मी शीळसुद्धा घातली. मैद्याची खळ शिजवली. खळ म्हणजे नुसतं पाणी, मैदा आणि धीर. माझ्याकडे मैदा जास्त आणि धीर कमी झाला, त्यामुळे ती खळ न होता उशी झाली. पुन्हा पाणी घातलं. मग ती एवढी वाढली की आता वहीबरोबर अख्खी भिंतही रंगीत कागदानं मढवता आली असती.

पानं शिवायला दाभण आणि मेणाचा दोरा. इथं मी एकदा वही शिवली, एकदा वहीबरोबर टेबलक्लॉथ शिवला आणि एकदा शर्टाची बाही. तिसऱ्या वेळी सासरे शेजारी येऊन बसले.

“हे काय चाललंय?”

“वही!” मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो. “सरप्राइज! कुणाला सांगू नका!”

“बरं बरं,” ते म्हणाले. “माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही.” आणि मशीन काढून खिशात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत वही उभी राहिली. म्हणजे खरोखरच उभी राहिली. आतल्या कागदांनी ती एवढी फुगली होती की आडवी ठेवली तर कासवासारखी आपोआप तोंड उघडायची. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी बनवलं होतं आणि ते कशासारखं तरी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी एक गंमत केली. परदेशी पासपोर्टावर कसे शिक्के असतात, तसे वहीत हवे होते. म्हणून आमच्या विभागातले जुने, वापरात नसलेले रबरी शिक्के घरी आणले. घाईत कुठला कुठला आहे ते पाहिलं नाही. त्यामुळे पहिल्या पानावर गोल जांभळा शिक्का उमटला तो ‘दावा निकाली काढला’ असा. पुढच्या पानावर ‘नुकसानीची पाहणी केली’. आणि नंतरच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, ‘सदर व्यक्ती हयात असल्याची खात्री केली’. आधी मी हादरलो. मग म्हटलं, काय वाईट आहे? प्रवासात रोज रात्री एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता उरली होती तिकिटं. पोस्टाची, जुनी, रंगीत. त्याशिवाय वहीला प्रवासाचा चेहरा येईना. सासऱ्यांना एके काळी जगभरातून पत्रं यायची हे मला माहीत होतं. बायको आतल्या खोलीत गणिताचे पेपर तपासत बसली होती, म्हणून मी सासऱ्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि कुजबुजत विचारलं (बहिऱ्या माणसाशी कुजबुजणं हा मूर्खपणा आहे, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं).

“बाबा, तुमच्याकडे तिकिटं आहेत ना?”

“आहेत की. माझ्याकडेच दिलीत जपून ठेवायला.”

“ती मला हवी होती.”

“तुम्हाला? तुम्ही कुठं निघालात?”

“मी नाही हो. वहीला!”

“बहिणीला?” सासऱ्यांचा चेहरा उजळला. “थोरलीला होय? मग आधी नाही का सांगायचं! तिच्याकडेच बरी. ती जास्त व्यवस्थित आहे.”

माझा एक कान दाराकडे होता, त्यामुळे मला ‘थोरली’ एवढंच नीट ऐकू आलं. मी म्हणालो, “हो हो, थोरली असतील तर फारच उत्तम!”

त्यांनी उशीखालून एक जाड पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आणि काय सांगू! पाकिटावर ओळीनं चार तिकिटं होती. थोरलीच म्हणायची, चांगली ऐसपैस. एकावर बगळा, एकावर खंड्या, एकावर कसलं तरी लाल चोचीचं बदक आणि एकावर सूर्यास्त. मी सासऱ्यांना वाकून नमस्कारच करणार होतो.

आता पाकिटात काही आहे का, हे कुणीही पाहिलं असतं. मलाही पाकीट जाड लागलं. पण मला वाटलं, जुना कागद, जाडच असणार. (शंका घेण्याचा मला ऑफिसात पगार मिळतो. घरी मी शंका घेत नाही.) त्या मुलीच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, तिकीट ओढून काढू नका, कोमट पाण्यात निवांत भिजू द्या, आपोआप सुटून येईल. मी अख्खं पाकीट भांड्यात बुडवलं आणि वर वाटी ठेवली, तरंगू नये म्हणून.

थोड्या वेळानं पाहतो तर पाणी निळंशार झालेलं! मला इतका आनंद झाला. अस्सल जुनी शाई! अशी आता मिळते कुठं? मी ब्रश घेतला आणि त्या निळ्या पाण्यानं वहीच्या पानांच्या कडा रंगवून काढल्या. काय देखणा रंग चढला! तिकिटंही सुटली. पाकिटाचा लगदा झाला होता, पण त्यातून तीन जाड, साईच्या रंगाची कार्डं निघाली. भोवती लाटांची नक्षी, कोपऱ्यात छोटासा नांगर, मध्ये काहीतरी पुसट. मी म्हटलं, नशीब! सजावटीचा कागद आतूनच निघाला. बोटीच्या सहलीला नांगर, याहून चांगला योग कुठला? तिन्ही कार्डं वाळवली, त्यांचे तीन सुंदर खिसे केले, खळ लावून वहीत चिकटवले आणि प्रत्येक खिशावर एकेक पक्षी बसवला.

सूर्यास्त मात्र मी शेवटच्या पानावर लावला. मला तो शुभ वाटला होता.

सहलीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मेहुणी आणि पीटीच्या बाई बॅगा घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आल्या. बायको मोजे, टोप्या, गोळ्या असं सगळं पलंगावर मांडून बसली होती. मी दारात उभा, वही पाठीमागे लपवून, योग्य क्षणाची वाट पाहत.

“बाबा,” बायकोनं हाक मारली, “तिकिटं द्या हो.”

“कसली?”

“बोटीची! त्या दिवशी पोस्टानं आली ती. तुमच्याकडे ठेवायला दिली होती ना मी, ह्यांच्या हाताला लागू नयेत म्हणून.”

“ती मी दिली,” सासरे म्हणाले. “जावईबापूंकडे. थोरलीला द्यायला.”

“माझ्याकडे?” मेहुणी म्हणाली. “मला कुणी काही दिलं नाही.”

तिघी माझ्याकडे वळल्या. सासरेही वळले. माझ्या पायांखालची जमीन कुठंही सरकली नाही, हेच दुःख. सरकली असती तर तिच्याबरोबर गेलो असतो.

“अहो,” बायको म्हणाली, “तिकिटं कुठं आहेत?”

अशा वेळी शूर माणूस सरळ उत्तर देतो. मी वही पुढे केली आणि म्हणालो, “सरप्राइज!”

बायकोनं वही हातात घेतली. आणि एक क्षणभर, खरंच सांगतो, तिचा चेहरा असा काही झाला की मला तिकिटांचा विसरच पडला. तिनं मुखपृष्ठावरून हात फिरवला. “तुम्ही केलीत ही? स्वतः?”

“स्वतः.”

“ताई, बघ ना गं, शिवलीसुद्धा आहे.” पान उलटलं. “अगंबाई, हा तर फळीवरचा कागद.” दुसरं पान उलटलं. “‘सदर व्यक्ती हयात असल्याची खात्री केली’ म्हणजे काय?”

“ते मग सांगतो.”

“आणि कडांना हा निळा रंग कसला दिलात? फार छान दिसतोय.”

मी घसा साफ केला. “ती तुमची नावं आहेत.”

“काय?”

“तिघींची नावं. आणि तारीख. आणि बहुतेक केबिनचा नंबर.”

माझी बायको गणिताची शिक्षिका आहे. एक एक पायरी सोडवत ती उत्तरापर्यंत येते आणि तिच्या चेहऱ्यावर ती पायरी दिसते. तिनं खिशांचं पान उघडलं. नांगराकडे पाहिलं. बगळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. तेव्हा मात्र मला घाम फुटला, कारण भिंतीकडे ती फक्त अगदी नापास मुलांच्या बाबतीत पाहते.

“तुम्ही आमची तिकिटं धुतलीत,” ती हळूच म्हणाली.

“भिजत घातली. धुतली नाहीत. चोळलं अजिबात नाही.”

पीटीच्या बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि उशीत तोंड खुपसून हसू लागल्या. मेहुणीनं बोटीच्या ऑफिसला फोन लावला. ऑफिस बंद झालं होतं. सासऱ्यांना झालेला प्रकार समजावायला बराच वेळ लागला आणि समजल्यावर ते एवढंच म्हणाले, “तरी मी म्हटलं, थोरलीला द्यायची तर पाण्यात का घालतायत.”

“तुम्ही पाहिलंत, बाबा? मग बोलला का नाहीत?”

“अवाक्षर काढणार नाही म्हणालो होतो ना तुम्हाला.”

बायको ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ही सहल तिनं किती दिवस मनात धरली होती, हे मला ठाऊक होतं. पेपर तपासता तपासता मध्येच थांबून ती नदीचा नकाशा बघत बसायची. तिनं नवी टोपी उचलली, पलंगावर ठेवली, पुन्हा उचलली.

“मी येतो सकाळी तुमच्याबरोबर,” मी म्हणालो. “मी सांगतो त्यांना. हात जोडतो, पाय धरतो. तुम्हाला बोटीत बसवल्याशिवाय मी परत फिरणार नाही.”

हे वाक्य मी असं बोलायला नको होतं.

सकाळी धक्क्यावर बरीच गर्दी होती. पांढरी शुभ्र, दुमजली बोट हलत उभी होती आणि बोटीत चढायच्या फळीच्या तोंडाशी एक मिशाळ तिकीट-तपासनीस खुर्ची टाकून बसले होते. मी तिघींना मागे ठेवून पुढे झालो आणि त्यांच्या मांडीवर वही ठेवली.

“हे काय?”

“तिकिटं.”

त्यांनी वही उघडली. वही आपण होऊन आणखी उघडली. “हा खिसा आहे.”

“हो. हा खिसाच तिकीट आहे.”

“आणि यावरचा पक्षी?”

“तोही तिकीट आहे. पण तो पोस्टाचा.”

“प्रवाशाचं नाव?”

“कडेला,” मी म्हणालो आणि वही मिटून निळ्या कडा दाखवल्या. “तिघींचं एकत्र आहे.”

मागच्या रांगेतले लोक वाकून बघू लागले. तपासनिसांनी शांतपणे सगळं चाळलं. पहिल्या पानाशी थांबले. “‘दावा निकाली काढला.’ हं.” मग त्यांनी खिशातून एक कागद काढला, बायकोला नाव विचारलं, मेहुणीला विचारलं, पीटीच्या बाईंना विचारलं, तीन खुणा केल्या आणि म्हणाले, “या, बसा.”

“म्हणजे?” मी विचारलं. “तिकीट नाही लागत?”

“यादीत नाव असलं की झालं. तिकीट आम्ही आठवण म्हणून देतो, साहेब. लोकांना वहीत चिकटवायला आवडतं.”

रांगेतून असा काही हशा उठला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. मी बायकोकडे बघायचं धाडस केलं. तीही हसत होती. डोळे पुसत, टोपी सावरत, अगदी मुलीसारखी हसत होती. माझ्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आला की मी नेहमी नको तेवढं करतो.

मी त्यांच्या बॅगा उचलल्या आणि बोटीवर पोचवायला गेलो. साडूची खुर्ची डेकवर उघडून दिली. (सहज उघडली. काय बोलणार.) मग म्हटलं, वही कशी वापरायची ते समजावून देऊ. ती साधीसुधी वही नव्हती. नकाशाचं पान आधी डावीकडे दुमडल्याशिवाय पुढचं उघडत नव्हतं. एका ठिकाणी दोन पानं खळीनं कायमची एक झाली होती, ती ओढायची नव्हती. फीत सोडली तर पाठीचा पुठ्ठा सुटायची शक्यता होती, म्हणून फीत कधीच सोडायची नव्हती. मी हे तपशिलानं सांगत होतो. पीटीच्या बाई काहीतरी खुणा करत होत्या, पण त्या नेहमीच हातवारे करतात. बायको दोनदा “अहो” म्हणाली. मी म्हणालो, “थांब, महत्त्वाचं राहिलं. पाण्यापासून जपायची.”

“अहो, मागे बघा,” ती म्हणाली.

मी मागे पाहिलं. धक्का निघाला होता. म्हणजे आम्ही निघालो होतो, पण मला आधी धक्काच निघाल्यासारखा वाटला. काठ, माणसं, सायकली, सगळं हळूहळू मागे सरकत होतं. मी कठड्याकडे धावलो आणि तिथूनच ओरडलो, “अहो, थांबा! मी प्रवासी नाही!”

वरच्या मजल्यावरून कप्तानानं खाली पाहिलं. “मग कोण आहात?”

या प्रश्नाचं उत्तर मेहुणीनं दिलं. “भावोजी आहेत आमचे!”

मिशाळ तपासनीस आले. त्यांनी यादी काढली आणि हळहळत म्हणाले, “आता मात्र तुम्हाला तिकीट लागेल. तुमचं नाव नाही.”

“मला पोहता येत नाही,” मी म्हणालो.

“उडी मारायला कुणी सांगितलं? पुढच्या धक्क्यावर उतरा. दुपारी येईल.”

अशा रीतीनं मी त्या सहलीला निघालो, जिचं मुख्य आकर्षण मी नसणं हे होतं.

पण सांगतो, ती सकाळ मी विसरणार नाही. नदी रुंद होत गेली. काठावरची झाडं पाण्यात उलटी उभी होती. वही एव्हाना डेकभर फिरायला लागली होती, कारण धक्क्यावरची गोष्ट सगळ्या बोटीत पसरली होती. एक आजीबाई हयातीचा शिक्का वाचून म्हणाल्या, “असा एक मलाही मारून द्या हो.” एक नवविवाहित जोडपं खिसे बघून बघून हसत होतं. कप्तान स्वतः खाली आला, निळ्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “आमच्या शाईला असा रंग आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.” लोकांना माझ्या हातचं काहीतरी बघायचं होतं! मी उगाचच कॉलर नीट केली.

बायको कठड्याशी उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“रागावलीस?”

“काल रागावले होते.” ती पाण्याकडे बघत राहिली. “एक सांगू? आज सकाळी निघताना मला जरा वाईटच वाटत होतं. तुम्ही एकटे राहणार, मागे काय कराल, काय खाल. सारखं मनात येत होतं.”

मी तिच्याकडे वळलो. “खरंच?”

“हो. पण आता अजिबात वाटत नाही.” आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “फारच छान झालीय वही. हातानं केलेलं कळतं.”

यातलं कौतुक किती आणि बाकीचं किती, हे मी वेगळं काढत बसलो नाही.

पुढचा धक्का आला. मी फळीवरून उतरलो आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. पलीकडूनही सगळे प्रवासी हात हलवत होते, आजीबाईसुद्धा. परतीला बोट नव्हती. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोत मी कॅनांच्या मध्ये बसून, प्रत्येक खड्ड्यागणिक वाजत घरी आलो. सासऱ्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, “इतक्यात आलात? थोरली बरी आहे ना?”

तिघी परत आल्या त्या उन्हानं रापून, आवाज बसवून आणि सारख्या एकमेकींकडे बघून हसत. वही आणखी जाडजूड झाली होती. पानांत वाळलेली पानं, चॉकलेटचे कागद, पिसं आणि सगळीकडे बारीक अक्षरात मजकूर. बायको अंघोळीला गेली तशी मी वही घेऊन खिडकीशी बसलो. आपण एवढ्या मेहनतीनं केलेल्या वहीत आपल्याबद्दल काय लिहिलंय हे पाहायला कुणाला आवडणार नाही? नकाशाचं पान नीट डावीकडे दुमडलं आणि पहिला दिवस काढला.

लिहिलं होतं: ‘निघताना सामानात एक नग जास्त आला होता. तो पहिल्याच धक्क्यावर उतरवला. त्यानंतर प्रवास अतिशय सुखाचा झाला.’

अक्षर मेहुणीचं होतं, तेव्हा मला जरा धीर आला. मेहुणी थट्टा करणारच. मग खाली पाहिलं. तिथं बायकोच्या लाल पेननं एकच शब्द लिहिला होता.

‘बरोबर.’